कुणाच्या दातांनी बोलायचं

अण्णांच्या खोलीचं दार सकाळपासून उघडलं नव्हतं. आतून एकदाच आवाज आला, तोही असा की दाराबाहेर उभ्या असलेल्या तिघा भावंडांनी त्याचे तीन अर्थ लावले. दादा म्हणाला, "चहा मागतायत." भाऊ म्हणाला, "छे, 'जा' म्हणाले." ताईनं कान दाराला लावला.

"दात म्हणतायत," ती म्हणाली. "कवळी सापडत नाहीये त्यांना."

इतर कुठल्याही दिवशी कवळी हरवली असती तर घरानं दोन वेळा पेज करून वेळ मारून नेली असती. पण आज दुपारी कारखान्यातल्या पॅकिंगच्या खोलीत लांबलचक टेबल मांडून सगळ्या कामगारांसकट जेवण होतं, आणि जेवणाच्या आधी अण्णा उभं राहून सांगणार होते की आपल्यामागं ब्रशांचा हा कारखाना कुणी बघायचा. त्यांच्या वडिलांनीही असंच, सगळ्यांसमोर, तोंडी सांगितलं होतं. ते सांगणं पुढं कुणी बदलू शकलं नव्हतं, म्हणून अण्णांचा कागदापेक्षा तोंडावर विश्वास. आणि आता ते तोंडच रिकामं झालं होतं.

गेल्या महिन्याभरात दादा आणि भाऊ यांनी बापाची जेवढी विचारपूस केली तेवढी उभ्या जन्मात केली नव्हती. एकानं गुडघ्याला लावायचा पट्टा आणला की दुसरा संध्याकाळपर्यंत कमरेचा आणायचा. अण्णा दोन्ही बांधून बसायचे आणि मनातलं काही बोलायचे नाहीत.

ताई या शर्यतीत नव्हती. ती मधली. लग्न मोडून माहेरी परत आली त्याला आता इतकी वर्षं झाली होती की नव्या कामगारांना ती कारखान्याबरोबरच बांधलेली वाटायची. नखांच्या ब्रशापासून गालिचे झाडायच्या ब्रशापर्यंत बाहेर पडणारं एकूण एक खोकं तिच्या हाताखालून जायचं. आई गेल्यापासून अण्णांची कवळीही तिच्याकडेच होती. रात्री झाकणाच्या वाटीत पाणी, त्यात कवळी. पहाटे ते उठायच्या आधी कारखान्यातल्याच एका मऊ ब्रशानं ती घासायची, खाली पाण्याची बादली ठेवून, म्हणजे निसटली तरी फुटणार नाही. सगळं आईनं शिकवलं होतं तसं. फक्त काल रात्री अण्णा अंधारातून म्हणाले, "ठेवलीय मी वाटीत," आणि ताईनं झाकण उचलून पाहिलं नाही. आज पहाटे माल घेऊन टेंपो जायचा होता, तिची खोकी भरायची राहिली होती.

शोध सुरू झाला. दादाची बायको, घरात सगळे तिला वहिनी म्हणत, तिनं चालू असलेलं कपडे धुण्याचं मशीन मध्येच बंद करून सगळे ओले कपडे जमिनीवर झटकले. भाऊची बायको धाकटी चिमटा घेऊन कचऱ्याच्या डब्यात शिरली. अण्णांची बहीण, म्हणजे सगळ्यांची आत्या, खुर्चीत बसून सूचना देत होती.

"पीठ चाळा. माझ्या चुलत सासऱ्यांची पिठात सापडली होती."

"पिठात कशी जाईल, आत्या?"

"कशी गेली ते त्यांनाही कळलं नाही. पण सापडली पिठातच."

पीठ चाळलं. मांजराच्या तोंडात बघून झालं. मांजरानं वहिनीला ओरबाडलं, एवढंच निष्पन्न झालं.

मग दादानं स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं. दादा कारखान्याची खरेदी बघायचा आणि प्रत्येक गोष्टीत कुणीतरी आपल्याला फसवतंय हे गृहीत धरायचा. कधीकधी ते खरंही निघायचं.

"कवळी हरवलेली नाही," तो म्हणाला. "हरवण्यात कुणाचा तरी फायदा आहे."

"कवळी नसण्यात कुणाचा फायदा?" धाकटीनं चिमटा हातात धरूनच विचारलं.

"सांगतो. ओठ असे आत घ्या, दातांवर." दादानं घेतले. त्याचं तोंड बटव्यासारखं मिटलं. "आता म्हणा, दादा."

सगळ्यांनी ओठ आत घेतले आणि म्हटलं. ओट्याभोवती उभ्या असलेल्या माणसांतून "आआ, आआ" असा आवाज निघाला.

"आता म्हणा, भाऊ."

"भाऊ," सगळे म्हणाले. स्पष्ट, खणखणीत.

  मग हळूहळू सगळ्यांच्या माना भाऊकडे वळल्या. धाकटीचीसुद्धा, आणि तिच्या नजरेत राग कमी आणि कौतुकच जास्त होतं.

"अरे वा रे वा!" भाऊ उसळला. भाऊ विक्रीचं काम बघायचा, गावोगाव फिरायचा, आणि चिडला की दुकानदाराशी बोलल्यासारखा बोलायचा. "माझं नाव बिनदातांनी घेता येतं, हा माझा गुन्हा? मी ठेवलं होतं का ते? पाळण्यात होतो मी!"

"अण्णांना लिहून द्यायला सांगू या," धाकटी पटकन म्हणाली.

"अण्णांचं अक्षर?" दादा म्हणाला. "हात इतका कापतो की बँक त्यांची सही त्यांचीच मानत नाही. आणि ते लिहिणार कुणाच्या समोर? तुझ्या?"

ताईला एकदम आठवलं. "थांबा. आईनं जादाची करून ठेवली होती. आणीबाणीला म्हणून."

आई भलती जपणारी. तिनं जपून ठेवलेली वस्तू शोधायची म्हणजे खाणकामच. पण ताईला तिची रीत ठाऊक होती. कपाटाच्या सर्वांत वरच्या खणात, लोकरीच्या गुंड्यांमागं बटणांचा डबा, त्यात लहान डबी, डबीत कापूस, आणि कापसात कवळी. ताईनं ती धुतली आणि दार किलकिलं करून आत दिली. आतून ठक् ठक् असा आवाज आला, मग एक ओरडा, आणि कवळी दाराच्या फटीतून परत बाहेर. ती बसत नव्हती. वरचा भाग टाळूवर हलत होता, खालचा हिरडीला टोचत होता.

त्याच वेळी पुढच्या दारानं कवळीवाला आला. तो पाहुणा म्हणून आला होता, हातात भेटीचा पुडा, अंगात इस्त्रीचा सदरा. चौकात त्याचं दुकान होतं. बाहेर काचेच्या पेटीत हसणारे जबडे मांडलेले, आत प्लास्टरची धूळ. गावातल्या निम्म्या म्हाताऱ्यांचं हसू त्याच्या हातचं होतं. ताईनं ती कवळी त्याच्यापुढं धरली.

"हे काय केलंत हो!" त्यानं ती उजेडाकडे धरली. "कापसात ठेवली? कोरडी? अहो, कवळी पाण्यात ठेवायची. सुकली की वाकते. आणि जादाची म्हणजे कपाटात पुरायची नसते. मधूनमधून घालायची, तोंडाला तिची सवय राहते, तिला तोंडाची."

"आता बोलून काय उपयोग," ताई म्हणाली. "आईला वाटलं, जपून ठेवतोय. तुम्ही दुपारपर्यंत दुसरी कराल?"

"आणखी?" कवळीवाला म्हणाला, आणि लगेच जीभ चावली.

"आणखी म्हणजे?"

कवळीवाल्यानं दादाकडे पाहिलं. दादा छताचा पंखा बघत होता. मग त्यानं भाऊकडे पाहिलं. भाऊही पंखाच बघत होता. आजवर त्या पंख्याकडे कुणी इतकं लक्ष दिलं नव्हतं.

"मला शपथ घातलीय," कवळीवाला म्हणाला. "दोघांनीही."

घरात बॉम्ब पडला असता तरी इतका गोंधळ झाला नसता. निघालं असं की महिन्याभरापूर्वी दादा गुपचूप दुकानात गेला होता. अण्णांच्या जबड्याचा साचा कवळीवाल्याकडे होताच, त्यावरून त्यानं एक कवळी करून घेतली. आयत्या वेळी कुणी अण्णांचं तोंड बंद केलं तर आपल्याकडे उपाय असावा म्हणून. तो बाहेर पडला आणि भाऊ आत शिरला. कारण तोच.

"मग सकाळपासून गप्प का बसलात?" ताई ओरडली. तिचा आवाज असा चढलेला घरात कुणी ऐकला नव्हता. "अण्णा आत उपाशी बसलेत!"

"मी बघत होतो, हा काय करतो ते," दादा म्हणाला.

"मीही तेच बघत होतो," भाऊ म्हणाला. "शिवाय..." तो अडखळला. "शिवाय बिनदातांचं आपल्याला चालण्यासारखं होतं, हे मला आत्ताच कळलं."

दादानं गाडीतून काचेची बरणी आणली. भाऊनं पिशवीतून दुसरी. दोन्हींत पाणी, पाण्यात कवळी. दोघांनीही निगा मात्र चोख राखली होती. अण्णांचं दार शेवटी उघडलं. ते पलंगाच्या कडेला बसले होते, तोंडावर टॉवेल धरून, आणि टॉवेलच्या वर फक्त डोळे. आईलासुद्धा त्यांनी कधी दातांशिवाय तोंड दाखवलं नव्हतं. रात्री दिवा मालवल्यावर काढायचे, सकाळी दिवा लावायच्या आधी घालायचे.

दोन बरण्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या.

"माझी घाला, अण्णा," दादा म्हणाला. "मी आधी केली."

"त्याची नको," भाऊ म्हणाला. "त्यात काहीतरी गडबड असणार. त्यात 'भाऊ' येतच नसेल."

"मी दात करतो, अक्षरं नाही!" कवळीवाला दुखावला. मग घसा खाकरून म्हणाला, "आता विषय निघालाच आहे तर सांगतो. दादा म्हणाले होते, 'द' अगदी ठसठशीत आला पाहिजे. म्हणून पुढचे दोन दात मी जरा आत घेतलेत. एवढंच."

"बघा!" धाकटी टाळी वाजवून म्हणाली.

"आणि भाऊनं काय सांगितलं?" वहिनीनं डोळे बारीक केले.

"त्यांनी काहीच सांगितलं नाही. घाई करा म्हणाले."

 आत्या आता खुर्चीतून उठली, अण्णांजवळ गेली, सगळ्यांकडे पाठ केली आणि परत वळली तेव्हा तिच्या तळहातावर एक आख्खी बत्तिशी होती.

"घे," ती पोकळ तोंडानं म्हणाली आणि ती अण्णांपुढं धरली.

"आत्या! अहो, ही तुमची आहे!"

कवळीवाल्यानं मान खाली घातली. "तीही अण्णांच्याच साच्यावरची. आत्याबाईंचं माप घ्यायला गेलो तर त्या तोंड उघडेनात, चिडल्या होत्या. म्हटलं, सख्खी भावंडं, जबडा एकच. तीन वर्षं तक्रार नाही."

आत्यानं कवळी परत तोंडात बसवली. "तीन वर्षं तक्रारच करतेय मी!" ती कडाडली. "आरशात बघितलं की हा अण्णा दिसतो मला! मला वाटायचं, म्हातारपण आलं!"

अण्णांनी टेबलावरच्या बरण्यांकडे पाहिलं, बहिणीकडे पाहिलं, मग दोन्ही मुलांकडे. "घाला ना, अण्णा," दोघं एकदम म्हणाले. "माझी घाला." "माझी." अण्णांनी टॉवेल खाली टाकला. ताईनं आयुष्यात पहिल्यांदा वडिलांचं ते तोंड पाहिलं, लहानसं, आत ओढलेलं, एखाद्या हट्टी बाळासारखं. त्यांनी दोन्ही बरण्या हातानं बाजूला सारल्या. मग सदरा घातला, गुडघ्याचा पट्टा काढला, कमरेचा काढला, आणि बिनदातांचेच ताठ चालत कारखान्याकडे निघाले. मागून दादा आणि भाऊ, आपापली बरणी हातात घेऊन.

पॅकिंगच्या खोलीत सगळे बसलेले होते. ब्रशांत केस भरणाऱ्या बायका, लाकडाला भोकं पाडणारे, रंगवाले. केस एकसारखे कापणारा म्हातारा कातरकाका कोपऱ्यात, नेहमीसारखा. भाजलेल्या कणसांचा वास सुटला होता. कणसं म्हणजे अण्णांचा जीव की प्राण, म्हणून ती आज मुद्दाम केली होती, आणि आता सगळे ती अण्णांच्या नजरेआड सारत होते.

अण्णा टेबलाच्या टोकाला जाऊन उभे राहणार तेवढ्यात भिंतीवरचा फोन वाजला. सवयीनं ताईनंच उचलला. पलीकडे शेजारच्या शहरातला दुकानदार होता. पहाटेचा माल त्याच्याकडेच गेला होता.

"ताई, माल मिळाला," तो म्हणाला. "पण नखांच्या ब्रशांच्या एका खोक्यात दात निघालेत. कागदी रुमालात गुंडाळलेले. वरचे, खालचे, दोन्ही. म्हटलं विचारावं, नवीन माल काढलाय का तुम्ही? की ब्रशावर भेट?"

ताईला सगळं उलगडलं. काल रात्री झोपायच्या आधी अण्णा या खोलीत येऊन कणीस खात बसले होते. दाणा कवळीखाली गेला असणार. काढली असणार, रुमालात गुंडाळली असणार, आणि हाताशी जे उघडं खोकं होतं त्यात क्षणभर ठेवली असणार. मग कवळी वाटीतच आहे अशा समजुतीत ते झोपायला गेले. आणि त्या खोक्यावर चिकटपट्टी लावली होती ती ताईनं. स्वतःच्या हातानं.

"जपून ठेवा," ती म्हणाली. "पाण्यात ठेवा. आणि कृपा करून कुणाला दाखवू नका."

"दाखवले की," दुकानदार म्हणाला. "दोघांनी भाव विचारला."

तिनं फोन ठेवला. न सांगताही चाललं असतं. पण भाऊ सकाळपासून चोर ठरला होता, आणि तो टेबलाशी मान खाली घालून बसला होता. ताईनं सगळ्यांसमोर सांगून टाकलं.

आधी हशा पिकला. मग वारं फिरलं. ताईनं ते फिरताना अगदी स्पष्ट पाहिलं. दादानं भाऊच्या खांद्यावर हात ठेवला. भाऊनं तो ठेवू दिला. वहिनी आणि धाकटी, ज्या सकाळपासून एकमेकींचे डबे उघडून बघत होत्या, त्या खुर्च्या जवळ ओढून बसल्या.

"म्हणजे ताईंनीच बापाचे दात पार्सल केले," वहिनी म्हणाली.

"आणि आपण उगाच एकमेकांना बोललो," धाकटी म्हणाली.

"झालं ते झालं," दादा मोठ्या मनानं म्हणाला. "चूक कुणाचीही होते. पण ज्याचं त्यानं जरा बघून काम करावं."

 ताई वाढायला लागली.

अण्णांनी टेबलावर हात आपटला.  त्यांनी टोकापासून टोकापर्यंत नजर फिरवली आणि एकेका शब्दावर जोर देत बोलले. निम्मी अक्षरं वाटेतच गळत होती, पण जे ऐकू आलं ते असं:

"माझ्यामागं... हा कारखाना... आई बघेल."

 मग एका बाईनं पदर डोळ्यांना लावला. अण्णांच्या बायकोला कारखान्यात सगळे आईच म्हणायचे.

"आई बघेल," दादा सावरून म्हणाला. "म्हणजे वरून. म्हणजे आईच्या आशीर्वादानं आपण सगळ्यांनी मिळून..."

"दोघांनी मिळून," भाऊ म्हणाला.

"दोघांनी मिळून कारखाना चालवावा. असंच ना, अण्णा?"

दोघा भावांचं एकमत झालेलं या घरानं बऱ्याच वर्षांत पाहिलं नव्हतं. अण्णांचा चेहरा लाल झाला. त्यांनी पुन्हा टेबल आपटलं. "आई!" ते ओरडले. "आई! आई!"

आता बायका हुंदके देऊन रडायला लागल्या. आत्यानं अण्णांची पाठ थोपटली. "फार आठवण येते रे तिची," ती म्हणाली. "ये, बस."

ताई हातात भाजीचं पातेलं घेऊन उभी होती. तिला पहिल्याच वेळी कळलं होतं. अण्णा 'आई' म्हणाले नव्हते. पहिलं अक्षर हिरडीवर घसरून पडलं होतं, एवढंच. ते तिच्याकडे बघत होते, घामेजलेले, अगतिक, आणि आपल्याच घरात आपलं कुणालाच कळत नाही या रागानं. आणखी एक मिनिट, आणि ते खाली बसले असते. दोघांनी मिळून चालवायचं ठरलं असतं. दोन वर्षांत कारखान्याचे दोन तुकडे झाले असते आणि ताईनं दोन्हीकडची खोकी भरली असती.

आणि हे आता तिनंच सांगायचं होतं. स्वतःच्या तोंडानं, स्वतःचंच नाव. जिनं आताच बापाचे दात ब्रशांबरोबर रवाना केल्याचं कबूल केलं होतं, तिनं. कुणी विश्वास ठेवला नाही तर उरलेला जन्म याच टेबलाशी, याच माणसांत काढायचा होता. गप्प बसायची तिला सवय होती, गप्प बसणं सोपं होतं. पण तेवढ्यात तिला कळलं की तिला कारखाना हवाय. कधीपासून हवा होता कोण जाणे. 

तिनं पातेलं खाली ठेवलं.

"आई नाही म्हणाले ते," ती म्हणाली. "ताई म्हणाले."

टेबलाच्या दोन्ही बाजूंनी माना वळल्या.

"कोण ताई?" भाऊनं विचारलं. खरोखरच त्याला कळलं नव्हतं.

"मी."

"तू?" दादा हसला, पण हसू अर्ध्यावरच राहिलं. "आम्हांला सगळ्यांना आई ऐकू आलं. तुला एकटीला ताई?"

"सोयीचं ऐकू आलं त्यांना," वहिनी म्हणाली.

तेव्हा कोपऱ्यातून कातरकाका काहीतरी बोलला. त्याच्या तोंडात एकही दात नव्हता, आणि कवळी घालायची त्याला लाज वाटायची, म्हणून तो सहसा बोलायचाच नाही. आता तो उभं राहून बोलला आणि कुणालाच काही समजलं नाही. केस भरणाऱ्या बायकांपैकी एकीला तेवढं त्याच्या बोलण्याचं वळण माहीत होतं.

"काका म्हणतात, मीही रोज ताईंना आईच म्हणतो," ती म्हणाली. "आम्हांला वाटायचं, मानानं म्हणतात." ती काकाकडे वळली. "म्हणजे इतकी वर्षं तुम्ही ताईच म्हणत होता, काका?"

"आईअ!" काका वैतागून म्हणाला, 'त'बरोबर 'च'ही गाळून, आणि खाली बसला.

अण्णांनी डोळे मिटून घेतले, सुटल्यासारखे. मग हात लांब केला आणि बोट थेट ताईवर रोखलं. हलत होतं, पण रोखलेलं होतं. तिथं दुसरं कुणी उभं नव्हतं.

बोलाचाली झाली, नाही असं नाही. दादा म्हणाला, नुसतं बोट दाखवलं म्हणजे झालं का. भाऊ म्हणाला, घरातल्या गोष्टी कामगारांनी ठरवायच्या का. धाकटी म्हणाली की कवळी घालून विचारा, आणि तोच सल्ला आपल्याला नको आहे हे ध्यानात येऊन मध्येच थांबली. ताईनं सगळ्यांना बोलू दिलं.

"दादा, उद्या खरेदीचं नेहमीसारखं तूच बघ," ती शेवटी म्हणाली. "भाऊ, उद्या त्या दुकानात तूच जा. माल कमी पडला का विचार, आणि अण्णांचे दात घेऊन ये. येताना मांडीवर ठेव, डिकीत नको."

 "जातो," भाऊ म्हणाला.

अण्णांनी ताईची बाही ओढली. कणसांच्या परातीकडे बोट दाखवलं. सकाळपासून पोटात काही नव्हतं.

"खायचंय? कवळी लागेल मग," ताई म्हणाली. "कुणाची देऊ? दादाची की भाऊची?"

अण्णांनी खांदे उडवले आणि हात असा हलवला की तो कुणालाही कळला असता. बोलायचं होतं ते बोलून झालं होतं. खायला कुणाचीही चालणार होती.

जी बरणी हाताला आली तीतली ताईनं काढली, धुतली, दिली. अण्णांनी सगळ्यांसमोर, तोंडावर हात न धरता ती बसवली. जबडा डावीकडे हलवला, उजवीकडे हलवला. कवळीवाला श्वास रोखून बघत होता. दादा पुढं वाकला, भाऊही वाकला, वहिनी खुर्चीच्या कडेला आली. आता तो शब्द पुन्हा, दातांसकट, ऐकायला मिळणार होता, आणि अजूनही काही वेगळं निघेल अशी धुगधुगी त्या बाजूला शिल्लक होती.

अण्णांनी कणसाचा मोठा लचका तोडला. सावकाश चावला. गिळला.

"ताई," ते म्हणाले, इतकं ठणठणीत की कोपऱ्यातल्या काकालाही ऐकू गेलं, "मीठ दे जरा."

ताई मिठासाठी वळली. त्याआधीच वहिनी उठली होती. तिनं मिठाची वाटी उचलली, क्षणभर हातात धरली आणि अण्णांना न देता ताईच्या हातात आणून ठेवली.